एक झाकण औषध

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते वडिलांच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर, आणि तेही पेंटरने. त्याने 'आईचा आर्शिवाद' असं लिहून ठेवलं. रफार चुकीच्या अक्षरावर पडलाय हे मला अकरावीत गेल्यावर कळलं, पण वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. तो टेम्पो अजून तसाच पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं भरून हायवेने जातो. अशा घरातल्या मुलाने चार पानं लिहायला बसावं, हे मला स्वतःलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. पण जे घडलं त्यात चूक माझी होती, आणि ती दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगावी, एवढ्यासाठी लिहितो.

मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात काम. कामाचं नाव मेडिकल कोडिंग. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्या खोलीत येते. ती वाचायची आणि त्याला जे झालं होतं त्याचा ठरलेला नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. विमा कंपनीला फाईल वाचायला वेळ नसतो. ती फक्त नंबर वाचते.

गावात मात्र 'पोरगा कोडिंग करतो' एवढंच पोचलं. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की लोक बंद पडलेले मोबाईल घेऊन येतात. वडिलांनी एकदा नीट बसवून विचारलं, "तू नक्की काय करतो रे तिथं?"

"आजारांना नंबर देतो."

"नंबर दिल्यानं माणूस बरा होतो?"

"नाही. बरा होऊन गेल्यावर देतो."

वडील म्हणाले, "बरंय. सावलीतलं काम हाय."

हे सगळे नंबर ज्यात छापलेले असतात ते पुस्तक मला फार आवडायचं. झाडावरून पडलात तर एक नंबर, शिडीवरून पडलात तर दुसरा. कुत्रा चावला तर स्वतंत्र नंबर. मगर चावली तर तिलाही स्वतंत्र नंबर. आमच्याकडे उसात बिबटे निघतात, माणसांवर हल्ले होतात. मी मोठ्या आशेने बिबट्या शोधला. तो 'इतर सस्तन प्राणी' या घोळक्यात कोंबलेला निघाला. गोदावरीत मी आजवर मगर पाहिलेली नाही, पण पुस्तकात तिची सोय बिबट्यापेक्षा चांगली आहे.

मी कामाला लागून दोन महिने झाले असतील, तेव्हा हॉस्पिटलात कंप्लायन्स आलं. म्हणजे कोडिंग आणि बिलं नियमाप्रमाणे व्हावीत म्हणून एक मोहीम निघाली. बाहेरून एक तपासणी समिती येणार होती, आणि ती येण्याच्या आत आम्ही सगळे नियमाप्रमाणे झालेलो दिसायला हवे होतो. या मोहिमेसाठी एक साहेब नेमले गेले. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. सरांनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरांना झेंडूचे हार घातले, आम्हाला रांगेत उभं करून 'मी प्रत्येक कोड बिनचूक टाकीन' अशी शपथ दिली आणि आमच्या खोलीबाहेर निळी पाटी लावली: 'कंप्लायन्स कक्ष'.

दुसऱ्या दिवसापासून लोक तक्रारी घेऊन येऊ लागले. कुणाच्या वॉर्डातला पंखा कुरकुरत होता, कुणाला कॅन्टीनची पोळी चाववत नव्हती. एका आजींनी तर चप्पल चोरीला गेल्याचं सांगून मला त्या चपलेचा रंग लिहून घ्यायला लावला. लोकांचं चुकत नव्हतं. कंप्लेन आणि कंप्लायन्स यांत जो काही फरक आहे तो पाटीवर कळत नाही. सरांनी मग पाटीखाली दुसरी पाटी लावली: 'येथे तक्रारी स्वीकारल्या जात नाहीत.' ती वाचून लोक जास्त चिडून आत यायचे.

सरांनी आमच्या खोलीत एक पांढरा फळाही लावला. त्यावर लिहिलं होतं 'बिनचूक दिवस', आणि पुढे आकडा. रोज दुपारी सर यायचे, कालचा आकडा पुसून एकाने वाढवायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि चहा यायचा. समिती येईल त्या दिवशी फळ्यावर तीस हवा, असं ठरलं होतं. चूक नोंदवली गेली की आकडा शून्यावर येणार होता. आणखी एक नियम असा होता की, डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर त्यांना विचारता येईल, पण तशी प्रत्येक विचारणा आमच्या नावापुढे मोजली जाईल. जो कमी विचारेल तो चांगला. मी पहिल्या आठवड्यात एकही प्रश्न विचारला नाही. सरांनी माझं कौतुक केलं. "आपल्याकडे मातीतला मुलगा आहे," ते म्हणाले, "पेशंटची भाषा त्याला बरोबर कळते."

ती फाईल त्याच आठवड्यात माझ्याकडे आली होती.

सव्वीस वर्षांचा तरुण. द्राक्षबागांमध्ये भाड्याने ट्रॅक्टर घेऊन फवारणी करणारा. कीटकनाशकाची विषबाधा. चार दिवस दाखल, बरा होऊन घरी. डॉक्टरांनी विषबाधा कशी झाली ते एका ओळीत लिहिलं होतं, पण त्या ओळीत मला एक 'एस' आणि त्यापुढे लांबच लांब लाट एवढंच दिसलं. म्हणून मी दाखल करतानाचा मराठी फॉर्म काढला. त्यात छापील प्रश्न होता, 'औषध घेतले आहे का?' पुढे पेनाने उत्तर: 'हो. सकाळी. एक झाकण.'

आमच्याकडे बागेवर मारतात त्या विषाला कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. आणि अमक्याने औषध घेतलं असं कुणी हळू आवाजात सांगितलं, की पुढचं विचारायचं नसतं. मी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आलोय. पुस्तकात या विषबाधेला दोन नंबर आहेत. एक्स अठ्ठेचाळीस म्हणजे अपघाताने. एक्स अडुसष्ट म्हणजे जाणूनबुजून, स्वतःहून. मी अडुसष्ट टाकला. टाकताना वाईट वाटलं, एवढा तरणा मुलगा, असंही मनात आलं. मग मी पुढची फाईल उघडली.

फळ्यावरचा आकडा एकोणीस झाला त्या दुपारी एक ताई आमच्या खोलीत आल्या. पस्तिशीच्या असतील. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"इथं तक्रार घेत्यात ना?"

"नाही ताई. तक्रारी पहिल्या मजल्यावर."

"वर गेले तर म्हनले खाली जा. खाली आले तर तू म्हनतो वर जा. मी काय लिफ्ट हाय का?"

मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून मोबाईल काढून त्यांनी त्यावरचा एका मेसेजचा फोटो माझ्यासमोर धरला. विमा कंपनीचा इंग्रजी मेसेज होता. दावा नामंजूर. कारण, रुग्णाने स्वतःला हेतुपुरस्सर केलेली इजा.

"माझ्या भावानं औषध घेतलं असं कोनी लिहिलं?"

मेसेजमधल्या नावाची फाईल मला पाठ होती. तरी मी ती काढली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"ताई, फॉर्मवर आहे. औषध घेतलं का, तर हो. एक झाकण."

"पित्ताचं!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडच्या टेबलावरची मुलगी दचकली. "पित्ताचं गुलाबी औषध. रोज सकाळी एक झाकन घेतो तो. काउंटरवरच्या पोरीनं इचारलं, औषध घेतलंय का? म्हनलं, घेतलंय. मग काय खोटं सांगू?"

"आणि ते दुसरं?"

"ते मारत व्हता. वारं फिरलं अन् तोंडावर आलं, लागलं त्याला. मारलेलं औषध येगळं, घेतलेलं येगळं. तू कुठला रं?"

"पिंपळगावकडचाच."

"मग तुला कळाया नको?"

"कळलं म्हणूनच चुकलं, ताई," मी म्हणालो.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि पुढचं सांगितलं. भावाचं लग्न ठरलेलं होतं, महिना राहिला होता. मुलगी येवल्याची. तिचे वडील पैठणी विणणारे, स्वतःच्या पोरीची पैठणी त्यांनी स्वतःच्याच मागावर घेतली होती. ज्या दिवशी भावाला विषबाधा झाली, त्या दिवशी ते लग्नाच्या बोलणीसाठी पिंपळगावलाच आलेले होते. भावाचा मोबाईल फवारणीच्या टाकीत पडलेला, ताईंच्या मोबाईलची बॅटरी गेलेली. म्हणून दवाखान्याच्या फॉर्मवर नंबर कुणाचा, तर होणाऱ्या सासऱ्यांचा. विमा कंपनीचा मेसेज बरोबर त्यांनाच गेला. त्यांनी तो शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतला.

"त्या दिवशी त्यांनी मागावरचा धोटा खाली ठेवला," ताई म्हणाल्या. "अर्धी पैठनी तशीच मागावर हाय. म्हनतात, माझी पोरगी पसंत नव्हती तर तोंडानं सांगायचं ना, त्यासाठी औषध कशाला घ्यायचं?"

"पोलिसांनी जबाब घेतला असेल ना?"

"घेतला. त्यात नीट लिवलंय, फवारनी करताना. पोलिसाला कळलं, तुमाला नाय कळलं. तो कागद येवल्याला दाखवला तर म्हनतात, पोलीस काय, सांगाल तसं लिवतात. दवाखान्याचा कागद खोटा नसतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ज्याच्या बागेत मारत व्हता त्या बागाईतदारानं बिल भरलंय. मला पैसा नको. मला असा कागद दे, मराठीत, की चूक कोनाची व्हती. तो बघितल्याशिवाय ते मागावर बसनार नायत."

आमच्या खोलीत सगळ्यात अनुभवी एक मॅडम आहेत. जन्म, शाळा, सगळं पुण्याचं. मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फॉर्म एकदाच वाचला.

"झाकण? म्हणजे सिरप असणार. यात विष कुठून आणलंस तू?"

"मॅडम, आमच्याकडे औषध घेतलं म्हणजे…"

त्यांना कळायला क्षणभर लागलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे औषध घेतलं म्हणजे औषध घेतलं रे." त्यांनी कपाटातून दुरुस्तीचा फॉर्म काढून दिला. नंबर बदलणं सोपं होतं. फक्त खाली सरांची सही लागत होती.

सर फॉर्म बघून हसले. प्रेमाने हसले.

"हे बघ मित्रा, आज किती दिवस झाले?"

"एकोणीस, सर."

"आणि समितीला काय दाखवायचंय?"

"तीस."

"मग? चूक नोंदवली तर ती चूक. तोवर ती नुसती फाईल असते. तीस होऊ दे. एकतिसाव्या दिवशी चूक कर."

"झालीय सर ती."

"मग एकतिसाव्या दिवशी झाली असं समज."

मी बाहेर येऊन ताईंना सांगितलं की बारा दिवस लागतील. 'प्रक्रिया' हा शब्दही मी वापरला. पहिल्यांदाच वापरला आणि तो किती सोयीचा आहे हे तेव्हाच कळलं. ताई म्हणाल्या, "पैठनी काय बटन दाबलं की निघती का? अर्धी ऱ्हायलीय. मागावर लवकर नाय बसले तर लग्न पुढं जाईल, आन पुढं गेलेलं लग्न मोडतं." एवढं बोलून त्या निघून गेल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

पुढचे चार दिवस फळ्यावर वीस, एकवीस, बावीस, तेवीस झाले. रोज टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण वाजवल्या. चहा पिताना मला तो माग दिसायचा, जो मी कधी पाहिलेला नाही. अर्धी पैठणी, आणि बाजूला ठेवलेला धोटा.

त्याच रविवारी घरी गेलो होतो. टेम्पो धुताना मी वडिलांना अखेर सांगितलं, की 'आशीर्वाद' चुकीचा लिहिलाय.

"म्हाईत हाय मला," ते फडकं पिळत म्हणाले.

"मग बदलला का नाही?"

"त्या चुकीवरनंच तर वळखत्यात लोक गाडी. ती चूक कोनाला लागत नाय. लागनारी असती तर कवाच पुसली असती."

सोमवारी मी कॉलेजातून थेट हॉस्पिटलात गेलो. अजून कुणी आलेलं नव्हतं, फक्त मॅडम होत्या. मी फळ्याजवळ गेलो, डस्टर घेतलं आणि तेवीस पुसलं. त्या जागी शून्य काढलं. शून्य भोपळ्यासारखं आलं. मॅडम बघत होत्या.

सर आले. चोविसाच्या तयारीने मार्करचं टोपण काढूनच आले होते.

"हे कोणी पुसलं?"

"मी, सर. चूक माझी होती. तेवीस खरा नव्हता."

खोलीत तोवर सगळे जमले होते. सर फळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी मार्कर पुढे नेला, मागे घेतला. शून्याचा परत तेवीस करायचा तर सगळ्यांसमोर करावा लागला असता.

तेवढ्यात मॅडमनी आपला खालचा खण उघडला आणि सुतळीने बांधलेला फायलींचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "सर, शून्य झालंच आहे तर या पण घ्या," त्या म्हणाल्या. "यात डाव्या गुडघ्याऐवजी उजवा गेलाय. दोन-तीन आहेत तशा."

पलीकडच्या मुलीने पर्समधून एक फाईल काढली. पर्समधून! तिच्याकडे एका आजोबांच्या नावावर बाळंतपण गेलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेल्याची नोंदही होती. तिसऱ्या मुलाने तर खिशातून चिठ्ठी काढली. त्याच्याकडे नुसती यादीच होती. तासाभरात सरांच्या टेबलावर एवढ्या चुका जमल्या, की त्या मानाने माझी एकटी फाईल किरकोळ दिसू लागली. तेवीस बिनचूक दिवस आम्ही सगळे आपापल्या चुकांवर बसून टाळ्या वाजवत होतो.

सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "सही कुठे करायची ते दाखवा."

सर हुशार आहेत हे मान्य करायला हवं. समिती आली तेव्हा त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं, 'चुका स्वतःहून कबूल करण्याची संस्कृती'. समितीने टाळ्या वाजवल्या, आम्हीही. त्यानंतर फळ्यावरचा मजकूर बदलला. आता तिथे 'आज कबूल केलेल्या चुका' असं लिहिलंय, आणि प्रत्येकाला रोज किमान दोन लागतात. ज्याच्याकडे त्या दिवशी चूक नसेल तो शेजाऱ्याकडून उसनी घेतो. मॅडम म्हणतात, पुढच्या समितीपर्यंत हेही चालेल.

पण ते नंतरचं. सही झाली त्याच दिवशी मी हॉस्पिटलच्या फोनवरून ताईंना बोलावलं. हॉस्पिटलचं पत्र तयार होतं, इंग्रजीत, लेटरहेडवर. त्यात म्हटलं होतं की कोडच्या निवडीत तफावत आढळली असून ती सुसंगत करण्यात आली आहे. मी ते ताईंना मराठीत समजावून सांगितलं.

"यात चूक हा शब्द कुठं हाय?"

"नाही, ताई."

"कोनाची, ते?"

"तेही नाही."

"मग हे कशाला दिलं? पंख्याला वारा घालाया?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी पत्र लिहायला बसलो. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर असं आलं:

'आपल्या जावयांनी औषध घेतले नाही. औषध मारताना वारे फिरले आणि ते त्यांना लागले. त्या सकाळी त्यांनी एक झाकण पित्ताचे औषध घेतले होते. मी या दोन औषधांत घोटाळा केला. मी द्राक्षाच्या गावचा आहे म्हणून माझ्याकडून असे झाले, शहरातल्या माणसाकडून झाले नसते. चूक माझी आहे. मुलाची नाही, त्याच्या घरच्यांची नाही. आपल्या मुलीला नाकारण्यासाठी कुणीही काहीही केलेले नाही.'

खाली सही केली आणि कंसात 'कोड टाकणारा' असं लिहिलं.

मॅडमनी वाचलं. "जावई अजून झाले नाहीत," त्या म्हणाल्या. "होणारे जावई कर."

"ऱ्हाऊ द्या तसंच," ताई म्हणाल्या. "तेवढंच चुकीचं ऱ्हाऊ द्या."

मॅडमनी कागदावर विभागाचा शिक्का मारला. शिक्क्यात 'कंप्लायन्स' हा शब्द मोठा होता. ताईंनी कागद पिशवीत घातला, परत काढून बघितला, परत घातला. "काय झालं ते फोन करून सांगीन," जाताना म्हणाल्या. मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

फोन आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी कॉलेजात मोबाईल बाकावर उघडा ठेवून बसायचो, त्यावरून दोनदा बोलणी खाल्ली. आपण फोन करावा असं वाटायचं, पण काय विचारणार? मोडलं का? मी नंबर काढायचो आणि परत ठेवून द्यायचो. मग लग्नाची तारीख होती तो आठवडाही गेला. मी मनाशी धरून चाललो की येवल्याला कागद पटला नाही. माणसाने धोटा एकदा खाली ठेवला, की माझ्या चार ओळींनी तो काय उचलणार? त्या दिवसांत मी फायली फार सावकाश वाचायचो. प्रत्येक डॉक्टरला विचारायचो. माझ्या नावापुढे विचारणांची रांग लागली, पण आता कुणी मोजत नव्हतं, कारण आता चुका मोजायच्या होत्या.

एका दुपारी पहिल्या मजल्यावरच्या तक्रार कक्षाचा शिपाई आमच्या खोलीत आला. हातात दोन छापील चिठ्ठ्या. "कंप्लायन्सवर तक्रारी हायेत," तो म्हणाला. "कार्यवाही काय केली ते लिहून द्या. वरती लय दिवस पडून होत्या."

माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ताईंकडून हरवली असणार. त्यांनी हॉस्पिटलच्या मोठ्या नंबरावर फोन केला, कंप्लायन्स मागितलं, आणि ऑपरेटरने तो नेहमीप्रमाणे तक्रारींकडे जोडून दिला होता.

पहिल्या चिठ्ठीवर होतं:

'तक्रारदार: महिला, फोनवरून. तक्रारीचे स्वरूप: येवल्याची पैठणी पुरी झाली, मागावरून उतरली. लग्न येत्या रविवारी दुपारी पिंपळगावला. कोडवाल्या भाऊने जेवायला यायचंच आहे. स्थिती: प्रलंबित.'

दुसरी चिठ्ठी त्यानंतरच्या सोमवारची होती:

'तक्रारदार: तीच महिला. तक्रारीचे स्वरूप: लग्न झाले. भाऊ आला नाही. मुलीच्या वडिलांनी पंगतीत दोनदा विचारले, तो चूक लिहून देणारा मुलगा कुठे बसलाय. स्थिती: प्रलंबित.'